जावक रजिस्टरातल्या कोऱ्या ओळी

नोकरीत असताना लग्नाकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर मी सांगायची, "आवक-जावक." त्यावर समोरची बाई "हो का, छान" म्हणून जेवणाच्या पंगतीकडे वळायची. एकीला तर वाटलं, मी मार्केट यार्डात बसून कांद्याची आवक मोजते. मी तिला दुरुस्त केलं नाही. कांद्याला निदान लोक विचारतात तरी.

तेव्हा आधी काम सांगते. आमची एक शिक्षण संस्था. मुख्य कार्यालय सोलापुरात आणि शाळा जिल्हाभर विखुरलेल्या, जेऊरला एक, करकंबला एक, वेळापूरला एक, अशा कितीतरी. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. मी त्यावर तारखेचा शिक्का मारायची, नंबर टाकायची आणि जाडजूड रजिस्टरात एका ओळीत त्याची नोंद करायची. ही आवक. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रालाही तसाच नंबर, तशीच ओळ. ही जावक. आणि अर्ज घेऊन आलेल्या माणसाला त्याच्याजवळच्या प्रतीवर शिक्का मारून, सही करून द्यायची. म्हणजे कागद आम्हाला मिळाला याचा पुरावा त्याच्या हातात राहतो. ही पोच. या तीन शब्दांवर मी तीस वर्षं काढली.

ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्या कागदावर नंबर पडला नाही तो कार्यालयाच्या लेखी जन्मलेलाच नसतो. मोठमोठे मुख्याध्यापक माझ्या टेबलाशी वाकून "अक्का, नंबर पडला का?" असं विचारायचे. अक्का म्हणजे मी. आमचं घर शहराच्या पूर्व भागातलं, वडील मागावर चादरी विणायचे. घरात तेलुगू, कार्यालयात मराठी आणि सिद्राम शिपायाशी भांडताना थोडं कानडी, अशी माझी वाटणी होती. शिक्षण बेताचं, पण अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरावरच मला नोकरी लागली आणि त्याचा मला फार गर्व होता. तो गर्व कुठे नडला ते पुढे येईलच.

माझ्याआधी या टेबलावर तात्या होते. निवृत्त होण्याआधी महिनाभर त्यांनी मला काम शिकवलं. शिक्क्यातली तारखेची चाकं रोज सकाळी कशी फिरवायची, पाकिटाचा कोपरा कसा फाडायचा म्हणजे आतला कागद फाटत नाही, कुठल्या मुख्याध्यापकाला कधीच बसायला सांगायचं नाही, सगळं. शेवटच्या दिवशी त्यांनी जावक रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"दिवसाचं काम संपलं की दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. नंबर घालून ठेवायचे, पुढे काही लिहायचं नाही."

"कशाला?"

"साहेबांना कधीकधी कालचा दिवस लागतो."

म्हणजे असं, की एखादं पत्र आठ तारखेला जायला हवं होतं आणि राहून गेलं. आज वीस तारीख. मग आठ तारखेच्या पानावरच्या कोऱ्या ओळीत ते पत्र बसवायचं, पत्रावर आठ तारीख घालायची, की ते आठ तारखेलाच गेलं. शाईसुद्धा त्या पानावरची असेल तीच वापरायची. महिना संपला की उरलेल्या ओळींवर तांबड्या शाईने "रद्द" लिहायचं. बहुतेक वेळा मामला निरुपद्रवी असायचा. कुणी अहवाल पाठवायला विसरलेला असायचा, कुणी आभाराचं पत्र. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हे लिहिताना आज मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती हे खरं. उलट मी भरलेली ओळ मागून भरली आहे हे कुणाला ओळखता यायचं नाही, याचं मला कौतुक होतं.

या टेबलावर गिऱ्हाइकंही नाना प्रकारची. जेऊरचे मुख्याध्यापक दर कागदाची पोच मागायचे, दर म्हणजे दर. एकदा मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले आणि पत्रिकेची दुसरी प्रत पुढे करून म्हणाले, "अक्का, पोच." मी म्हटलं, "सर, लग्नाचीसुद्धा?" तर म्हणाले, "तुमच्या हापिसाचा काय भरवसा, उद्या म्हनाल पत्रिकाच आली न्हाय." मी हसत हसत शिक्का मारून दिला. आता वाटतं, त्या माणसाइतकं आमचं कार्यालय कुणीच ओळखलं नव्हतं.

वेळापूरच्या शाळेतून एकच अर्ज पुन्हा पुन्हा यायचा. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, ती बसवून मिळावी. बारा वेळा आला. बाराही वेळा मी त्याला नंबर दिला, शिक्का मारला, फाइलला लावला आणि फाइल आत पाठवली. माझं काम चोख झालं. कडी मात्र बसली नाही. एक मैत्रीण दाराला पाठ लावून उभी राहायची, असं तिथल्या बाईंनी बाराव्या अर्जात लिहिलं होतं. तो वाचून मी सिद्रामला म्हटलं, "पोरींचे हाल आहेत." तो म्हणाला, "अक्का, आत कपाट भरलंय, आता ह्यो कुटं ठिवू सांगा." एवढ्यावर ते मिटलं.

आणि एक दिवस करकंबच्या शाळेच्या नसीमबाई आल्या. विज्ञान शिकवायच्या. सातवा महिना होता. करकंबहून एसटीने आल्या होत्या, चेहरा उन्हाने लाल झालेला. बाळंतपणाच्या रजेचा अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला, सोबत त्याची दुसरी प्रत.

"अक्का, पोच देता का?"

शिक्का माझ्या हातात होता. पण सकाळीच तेव्हाच्या सचिवसाहेबांचा निरोप आला होता, की करकंबच्या बाईंचा कागद आला तर आधी आत पाठवा, नंबर मग टाकू. मी म्हटलं, "साहेबांना दाखवून देते हं." त्या बाकावर बसल्या. तासभर बसल्या. साहेब काही बाहेर आले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "बाई, तुम्ही जा, उशीर होईल. पोच मी पोस्टाने पाठवते." त्यांनी माझ्याकडे विश्वासाने बघितलं, हे मला अजून दिसतं. "तुमच्यावर सोडते, अक्का," म्हणाल्या आणि कमरेला हात लावून उठल्या.

तो अर्ज पुन्हा माझ्या टेबलावर आला नाही. मीही मागायला गेले नाही.

चार महिन्यांनी साहेबांनी मला आत बोलावलं. तीन पत्रं तयार होती. तिन्ही नसीमबाईंना. विनापरवानगी गैरहजर आहात, ताबडतोब हजर व्हा, नाहीतर कारवाई होईल. तारखा तीन वेगवेगळ्या, सगळ्या उलटून गेलेल्या. तोवर मागच्या काही महिन्यांच्या उरलेल्या ओळींवर मी "रद्द" घालायचं बाकी ठेवलं होतं. साहेबांना ते माहीत होतं. बाईंच्या जागेवर कुणाला तरी घ्यायचं ठरलं आहे, हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. मलाही होतं. मी तीन ओळी भरल्या. शाई जुळवली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

बाईंना कामावरून काढलं. त्यांनी संस्थेकडे दाद मागितली, चौकशी समिती बसली. बाई तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन सांगत होत्या की अर्ज मी हातोहात दिला, एकही नोटीस मला मिळाली नाही. समितीपुढे साहेबांनी जावक रजिस्टराचा उतारा ठेवला. उतारा म्हणजे रजिस्टरातल्या हव्या त्या तीन ओळी वेगळ्या कागदावर उतरवायच्या आणि खाली लिहायचं, "मूळ पानावरून खरी नक्कल." सही माझी. समितीने मला विचारलं, "नोंदी तुमच्या हातच्या?" मी म्हटलं, "हो." विचारलं तेवढंच सांगितलं. खोटं एक अक्षर बोलले नाही, आणि तरी त्या दिवशी मी जे केलं त्याला दुसरं नाव नाही. बाईंनी उताऱ्याची एक प्रत मागून घेतली. जाताना माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी प्रतीवरची माझी सही वाचली. पुढे कोर्टात जायची त्यांच्या घरी कुणाची तयारी नव्हती. त्या करकंबला घरीच शिकवण्या घेतात, एवढं नंतर कानावर आलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. साहेब सचिवपदावरून उतरून कार्यकारिणीवर बसले आणि नव्या सचिव मॅडम आल्या. बोलायला मऊ, पण ठाम. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक शाळेला ई-मेल काढून दिला आणि माझ्या टेबलावरच्या नव्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "अक्का, उद्यापासून जावक इथून."

पहिलं पत्र मी स्वतः पाठवलं. सगळ्या शाळांना एकाच वेळी. पूर्वी अशा पत्राच्या प्रती काढायच्या, पाकिटं भरायची, पत्ते लिहायचे यात माझा आणि सिद्रामचा आख्खा दिवस जायचा, आणि जेऊरला पत्र पोचायला चार-पाच दिवस. त्या दिवशी मी बटण दाबलं, चहाचा कप उचलला आणि एक घोट घेते तोच जेऊरच्या सरांचं उत्तर आलं. "पत्र मिळाले. पोच देत आहे." मी कप खाली ठेवला. जेऊर! रेल्वेने गेलं तरी वेळ लागतो, आणि इथे चहासुद्धा गार झाला नव्हता. पत्राखाली वेळ आली होती, अकरा बेचाळीस.

"ही वेळ कुणी लिहिली?" मी मॅडमना विचारलं.

"कुणीच नाही. आपोआप पडते. नंबरही आपोआप पडतो."

"मग दुरुस्त कशी करायची?"

"नाही करता येत."

"तुम्हाला तरी?"

मॅडम हसल्या. "मलाही नाही, अक्का."

मी ती वेळ पुन्हा वाचली. बाकी लोकांना त्या यंत्राच्या वेगाचं नवल वाटत होतं, मला त्या अकरा बेचाळीसचं. तात्या गेले, मी म्हातारी व्हायला आले, सचिव आले आणि गेले, पण कालचा दिवस आमच्या कार्यालयात नेहमी शिल्लक असायचा. लागेल तसा काढून वापरायचा. तो एका फटक्यात संपला होता, आणि कुणाचा आवाजही चढला नव्हता. संध्याकाळी सवयीने मी दोन ओळी सोडायला गेले, तर सोडायला जागाच नव्हती. एका नंबरापुढे दुसरा नंबर, मध्ये सुई जाईल एवढीही फट नाही.

पुढे मॅडमनी संकेतस्थळावर एक पान उघडलं. शिक्षक असो, पालक असो, कुणीही तिथे प्रश्न विचारायचा. प्रश्न सगळ्यांना दिसणार. त्यासमोर ज्याने उत्तर द्यायचं त्याचं नाव, आणि नावापुढे उत्तर किती दिवस राहिलं आहे तो आकडा. पहिल्याच आठवड्यात वेळापूरच्या बाईंनी कडीचा प्रश्न टाकला, सोबत दाराचा फोटो. समोर नाव आलं सचिव मॅडमचंच. एक दिवस. दोन दिवस. करकंबपासून जेऊरपर्यंत सगळ्या शाळांत लोक फोनवर तो आकडा बघत होते. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सिद्रामला सुताराबरोबर सकाळच्या गाडीने वेळापूरला पाठवलं. दुपारी कडीचा फोटो आला, आणि आकडा गेला. बारा अर्जांनी जे झालं नाही ते एका आकड्याने झालं.

सिद्राम परत आला तो म्हणाला, "अक्का, ह्यो आकडा लई वंगाळ बघा. ताप मोजल्यागत रोज एकानं वाडतोय. बघनाऱ्यालाबी घाम फुटतोय की."

मी आपली हसले. अजून माझं नाव तिथे आलं नव्हतं.

मग मॅडमनी ठरवलं, मागच्या पंधरा वर्षांची आवक-जावक रजिस्टरंही पान अन् पान संकेतस्थळावर ठेवायची. आपला कागद कुठे गेला ते शिक्षकाला घरबसल्या बघता आलं पाहिजे. "तुमच्या अक्षरामुळे कुणालाही वाचता येईल," असं त्या मला म्हणाल्या, आणि मी फुगले. निवृत्तीला सात महिने होते. जाता जाता माझी आयुष्यभराची कमाई लोकांपुढे मांडली जाणार होती. मी हौसेने एकेक पान स्कॅनरच्या यंत्राखाली धरू लागले.

तुम्हाला वाटेल मी त्या तीन ओळी विसरले असेन. विसरले नव्हते. पण शाई जुळलेली, अक्षर तेच, त्यांना भ्यायचं काय? दोन आल्या तशा निघून गेल्या, सरळ संकेतस्थळावर. तिसरी ओळ एकशे त्रेचाळीसाव्या पानावर होती. ते पान पडद्यावर उमटलं आणि माझा हात तसाच राहिला.

पानावरचं अक्षर माझं नव्हतं. सिद्रामचं होतं, कोंबडीचे पाय. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी तीन दिवस रजेवर होते, आणि तेवढे दिवस सिद्रामने रजिस्टर सांभाळलं होतं. मी शिकवल्याप्रमाणे त्यानेही रोज दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. वेड्यावाकड्या नोंदींनी भरलेल्या त्या पानावर शेवटून दुसरी ओळ तेवढी मोत्यासारखी होती. ज्या दिवशी मी कार्यालयात नव्हतेच, त्या दिवशीची माझ्या हातची नोंद. ओळ भरताना मी फक्त ओळ बघितली होती, शाई बघितली होती. समितीने फक्त उतारा बघितला होता. आख्खं पान कुणी बघितलंच नव्हतं. वडील चादर विणून झाली की हातभर लांब धरून बघायचे. जवळून न दिसलेला चुकीचा धागा लांबून दिसतो म्हणायचे. तशी ती ओळ मला पडद्यावर दिसली.

मी ते पान संकेतस्थळावर ठेवलं नाही. त्याच्या जागी लिहिलं, "पान फाटल्यामुळे उपलब्ध नाही." एकशे बेचाळीस, मग एकशे चव्वेचाळीस. घरी जाऊन जेवले. झोपही लागली.

नवव्या दिवशी प्रश्न आला. माझ्याकडे तो अजून छापून ठेवलेला आहे.

"चौदा वर्षांपूर्वी मला पाठवलेल्या म्हणून दाखवलेल्या तीन नोटिसांपैकी दोन नोंदी संकेतस्थळावर दिसल्या. तिसरी पान १४३ वर असावी. ते पान फाटले असे लिहिले आहे. माझ्याजवळ त्याच नोंदीचा उतारा आहे, त्यावर 'मूळ पानावरून खरी नक्कल' अशी सही आहे. मग पान फाटले कधी? नसीम, करकंब."

समोर उत्तर देणाऱ्याचं नाव, माझं. दिवस शून्य.

दुसऱ्या दिवशी एक. मग दोन. सिद्राम म्हणाला होता ते खरं होतं. खुर्चीत बसवेना. मॅडम जाता जाता नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, तुमच्या नावावर एक प्रश्न आहे." बस्स. तिसऱ्या दिवशी जेऊरच्या सरांचा फोन आला. तेही एव्हाना निवृत्त होऊन घरी होते, पण रोज ते पान उघडायचे. "अक्का, तुमचं पान फाटलं कसं वो? तुमी तर आमच्या फाटक्या पाकिटालाबी गोंद लावून ठिवायचा." ते चेष्टा करत होते की विचारत होते, मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी जुन्या साहेबांचा फोन आला.

"फाटलंय असं लिहिलंय ना तुम्ही? मग तेच पुन्हा लिहा. एवढं काय त्यात."

"साहेब, पान आहे कपाटात."

"असू दे. ते फाटायला किती वेळ लागतो?" मग म्हणाले, "सात महिने राहिलेत तुमचे. नीट घरी जा."

मी फोन ठेवला आणि कपाट उघडून ते रजिस्टर बाहेर काढलं. साहेब म्हणत होते ते अगदी सोपं होतं. एक पान. पूर्वी एवढ्यावर काम झालं असतं, कारण पूर्वी हे मला आणि साहेबांना सोडून कुणाला ठाऊक नसतं. पण आता तिकडे करकंबमध्ये एक बाई चौदा वर्षं जपलेला उतारा मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत होती, आणि ती वाट बघते आहे हे शाळाशाळांतून शेकडो माणसांना दिसत होतं. तिला कार्यालयात यावं लागलं नव्हतं, बाकावर बसावं लागलं नव्हतं, पोच मागावी लागली नव्हती. घरात बसून तिने विचारलं, आणि साहेबांना फोन करावा लागला होता, मला कपाट उघडावं लागलं होतं. असलं काही मी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त, देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी पान एकशे त्रेचाळीस यंत्राखाली धरलं आणि संकेतस्थळावर ठेवलं. खाली उत्तर लिहिलं.

"पान फाटलेले नाही. ते मी मुद्दाम ठेवले नव्हते. शेवटून दुसरी नोंद माझ्या हातची आहे. त्या दिवशी मी रजेवर होते. ती आणि इतर दोन नोंदी मी नंतर, सांगितल्यावरून, कोऱ्या ओळींत भरल्या. श्रीमती नसीम यांनी रजेचा अर्ज माझ्या हातात दिला होता. मी त्यांना पोच दिली नाही."

बटण दाबलं. वेळ पडली, दुपारचे तीन सात. आता मलाही ती बदलता येणार नव्हती.

मॅडमनी आत बोलावलं. उत्तर त्यांनी वाचलेलं होतं. "पुढे काय होईल ते माहीत होतं ना तुम्हाला?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पुन्हा चौकशी झाली, या वेळी आख्ख्या रजिस्टरावरून. मला लेखी ताकीद मिळाली, तीही संकेतस्थळावर लागली, आणि भाच्याने ती वाचून घरी सांगितली. वाईट वाटलं. गल्लीतून जाताना चार दिवस मान खाली होती. साहेबांनी कार्यकारिणीचा राजीनामा प्रकृतीच्या कारणावरून दिला. त्यांच्या राजीनाम्यावर वेळ पडली होती, एवढं मी बघून घेतलं.

बाईंना काढल्याचा आदेश संस्थेने मागे घेतला. ते पत्र मीच पाठवलं. नंबर आपोआप पडला. मी नुसती बघत बसले.

निवृत्तीला पंधरा दिवस असताना नसीमबाई आल्या. केस पांढरे व्हायला लागलेले. सोबत हजर झाल्याचा अर्ज, आणि त्याची दुसरी प्रत. माफी मागायचे शब्द मी घरून जुळवून आणले होते, ते सगळे विसरले. नुसतं म्हटलं, "बाई, माझ्या हातून फार वाईट झालं."

त्या "असू दे" म्हणाल्या नाहीत, आणि मलाही तशी अपेक्षा नव्हती. मग म्हणाल्या, "मुलगी नववीत हाय आता. तवा पोटात होती." आणि दुसरी प्रत माझ्यापुढे सरकवली. "पोच द्या, अक्का."

"अर्ज तुम्ही सकाळी मेलवर पाठवलात की. पोच आपोआप आली असेल."

"आलीय ती. पण तवा मी हितं थांबले होते. मला हितली पायजे."

शिक्का खालच्या कप्प्यात पडून होता. शाईची गादी वाळलेली, सिद्रामने तिच्यावर दोन थेंब पाणी सोडलं. तारखेची चाकं वापर बंद झाला त्या दिवसावर अडकली होती. मी नखाने दिवस फिरवला, महिना फिरवला, वर्ष एकेक करून पुढे आणलं, आजच्या तारखेपर्यंत. शिक्का थोडा तिरका आणि फिकट उठला. त्याखाली सही केली. तीही काही मोत्यासारखी आली नाही.

बाईंनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, तारीख वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"येते," म्हणाल्या. "दोनची गाडी मिळाली तर शेवटचा तास घेता येईल."